येळवशीचा हात

२४ नोव्हेंबर, रविवार

आज आत्याबाईंना लातूरच्या दवाखान्यातून घरी आणलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, केवळाबाई. दिवाळी झाली आणि चौथ्या दिवशी अंगावरून वारं गेलं. उजवा हात-पाय लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, पाय हळूहळू धरेल, हाताचं काही सांगता येत नाही.

वाचाही गेली. गेली म्हणजे एकच शब्द मागे ठेवून गेली. हाव. चहा घेता का? हाव. चहा नको का? हाव. माझी अक्षरा बारा वर्षांची, पण आगाऊपणात चाळीशीची. आल्या आल्या आजीला विचारते, आजी, उद्या शाळेला दांडी मारू का? हाव. मी डोळे वटारले तर म्हणते, मोठ्यांनी परवानगी दिलीय. मला हसू आलं, मग चुलीपुढं बसून रडूही आलं. या बाईनं नुसतं खाकरलं तरी अख्खी मंडळी गप्प व्हायची.

माझ्या अंगणवाडीतली एक कोरी वही पडून होती, ती उचलून आणली. कुणापाशी तरी बोललं पाहिजे. नवरा शांतवन, स्वभावानं असा की त्याच्याशी बोलणं आणि आडात बादली सोडणं सारखंच, वर काय येईल त्याचा नेम नाही. तेव्हा ही वहीच बरी.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आजारी माणसाला बघायला आलेले लोक तब्येत विचारतात आणि मग इकडंतिकडं बघत विचारतात, यंदा येळवशीचं कसं? आज तिघांनी विचारलं. यंदा येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, तीस डिसेंबरला आहे.

आमच्या भागात येळवशीला गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, मग भज्जी, आंबिल, उंडे. आमच्या रानातही कोप होते, आंबिल होते. पांडव तेवढे मांडत नाहीत. आत्याबाईंचे सासरे दगडोबा ख्रिस्ती झाले तेव्हा लोक म्हणाले, आता तुमची येळवस संपली. दगडोबा म्हणाले, रान देवाचं हाय, मी कशाला येळवस सोडू? त्यांनी पूजेच्या जागी हात आणला. प्रार्थना झाली की घरातलं वडीलधारं माणूस कोपीपुढं उभं राहतं. बाकीचे रांगेनं येतात. एकेकाच्या डोक्यावर उजवा हात ठेवायचा, नाव घ्यायचं आणि म्हणायचं, तू देवाच्या घरचा हाईस, भिऊ नको. एवढंच. त्यात अहो-जाहो नाही. शेजारच्या रानातले शरणप्पा मामा लिंगायत, सत्तरीच्या पुढचे, तेसुद्धा आपली पूजा उरकून दरसाल रांगेत येतात. एरवी त्यांच्यापुढं आत्याबाईंचा पदर ढळत नाही. पण येळवशीला खुशाल म्हणतात, शरणप्पा, तू देवाच्या घरचा हाईस. आणि मामा लेकरासारखी मान खाली घालतात.

मी रांगेत कधीच नसते. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला आत्याबाईंनी मला हाक मारून शेजारी उभं केलं आणि डावा हात माझ्या खांद्यावर टाकला. त्यांचा एक गुडघा भूकंपात भिंतीखाली दबलेला, आधार लागत असेल. तेव्हापासून दरसाल मी त्यांची काठी. उजवा हात सगळ्यांच्या डोक्यावर, डावा माझ्या खांद्यावर. रांग संपली की म्हणतात, चला, जेवा. आणि मी आंबिल वाढायला पळते. सोळा वर्षं झाली, माझ्या डोक्यावर एकदाही हात आला नाही.

मी मागितलाही नाही. कशाच्या जोरावर मागू? माझं माहेर मुखेडचं, बौद्ध. शांतवनशी लग्न करायचं होतं म्हणून बाप्तिस्मा घेतला. पुढं जीव लागला, खरंच लागला, रोज प्रार्थना केल्याशिवाय मला घास जात नाही. पण आत आले ती सुनेच्या दारानं, हे काही मनातून जात नाही.

१ डिसेंबर, रविवार

आज निलंग्याहून पाळक साहेब आले होते. संदेश वारसावर. म्हणाले, आपण देवाच्या घरात वारस आहोत आणि राहतो मात्र गड्यासारखे. ताट वाढलेलं असून ओसरीवर बसून शिळं मागतो. वारसानं हक्कानं मागावं, बापाला राग येत नाही.

मी दाराजवळच्या चटईवर होते. चपला सरळ करायला, उशिरा आलेल्या बायकांना जागा द्यायला तीच जागा बरी पडते. ऐकताना अंगावर काटा आला. मग वाटलं, हे ज्यांचे आजे-पणजे या घरचे आहेत त्यांच्यासाठी. उपासना सुटल्यावर सतरंज्या झटकल्या आणि घरी आले.

८ डिसेंबर, रविवार

बाबा आले होते मुखेडहून. सहा तारखेचा कार्यक्रम उरकला आणि दुसऱ्या गाडीला विहीणबाईंना बघायला निघाले. माझ्या बाबांचं नाव भीमा. या लग्नाला आधी त्यांचा विरोध होता, पण आत्याबाईंवर पहिल्या भेटीपासून जीव. दोघं बोलायला बसले की आम्हाला चहा करकरून बेजार करायचे. आज बाबा एकटेच बोलले, त्या हाव हाव करत राहिल्या, आणि तेवढ्यावर दीड तास मैफल झाली.

जेवताना मी सगळ्यांना वाढून चुलीपाशी ताट घेतलं. बाबा बघत होते. जाताना मी जीपपर्यंत सोडायला गेले तर बाबा म्हणाले, "माया, मी तुला या घरी दिली तेव्हा मन घट्ट करून दिली. तू तिकडची झालीस, त्याचं मला दुःख न्हाई. पण तू अजून इथं पाहुणीच हाईस का?"

मी म्हटलं, काहीतरीच काय बाबा. अक्षरा बाजूला उभी राहून कान टवकारून ऐकत होती. या पोरीपासून काही लपत नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज जे केलं ते लिहायलाही लाज वाटते.

दुपारी आत्याबाईंच्या हाताला तेल लावत होते. डॉक्टरांनी सांगितलंय, बोटं रोज हलवायची, नाहीतर आखडतात. त्यांचे डोळे मिटलेले, श्वास संथ. घरात कुणी नव्हतं. तो उजवा हात माझ्या मांडीवर. हाच तो हात, गावभरच्या डोक्यांवर फिरलेला. मी इकडंतिकडं बघितलं, खाली वाकले, तो हात दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. मनात आपलं पूर्ण नाव घेऊन म्हटलं, महामाया, तू देवाच्या घरची हाईस, भिऊ नको.

काही म्हणजे काही झालं नाही. ओल्या गोधडीसारखा जड हात, आणि केसात तेल. हळूच खाली ठेवला. आत्याबाईंच्या डोळ्यातून पाणी ओघळत होतं. या आजारात झोपेतही उगाच पाणी येतं, असं डॉक्टर म्हणाले होते. मी पुसलं आणि भांडी घासायला गेले. आशीर्वाद चोरायला निघालेली बाई जगात मी पहिलीच असेन.

१३ डिसेंबर, शुक्रवार

कळलं त्यांना. आज तेलाची वाटी घेऊन बसले तर उजवा हात डाव्या हातानं ओढून पदराखाली दडवला. मग माझाच उजवा हात धरला, तळवा वर केला आणि वाटी त्यावर उपडी केली. सगळं तेल माझ्या हातावर. मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ, साडी गेली कामातून. वर तो हात घट्ट धरून बसल्या, सोडेचनात, आणि तोंडानं हाव, हाव.

वाटी धरायला नीट जमत नाही त्यांना. उद्यापासून मीच धरीन. पण उजवा हात का लपवला असेल? रागावल्या असतील. रागवायलाच पाहिजे.

१७ डिसेंबर, मंगळवार

नांदेडहून शमुवेल दादांचा फोन आला. माझे थोरले दीर, तिकडं पास्टर आहेत. माणूस भला, पण घाईचा. प्रार्थनासुद्धा गाडी चुकेल अशा वेगानं करतात. त्यांनी सगळं ठरवून टाकलंय. येळवशीला आईला खुर्चीत बसवायचं, ते स्वतः तिचा उजवा हात धरून एकेकाच्या डोक्यावर ठेवतील आणि शब्द ते म्हणतील. पुढच्या वर्षापासून थोरला मुलगा म्हणून ते स्वतःच देतील. "उजवाच हात पाहिजे, आजोबांचा नियम हाय," म्हणाले.

नियम बरोबर आहे. थोरल्याचा हक्कही बरोबर आहे. मग मला रात्रीची भाकर का गोड लागली नाही, कोण जाणे. एक गोष्ट मात्र डोक्यात आली. यंदा आत्याबाई खुर्चीत बसणार, म्हणजे खांदा लागणार नाही. मी मोकळी. यंदा रांगेत उभं राहता येईल.

राहू का?

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ झाला. उपासनेला आत्याबाईंना खुर्चीसकट उचलून नेलं. गाणी चालू असताना डावा हात मांडीवर ताल धरत होता. शब्द नाहीत, पण ताल एकदाही चुकला नाही. घरी अनारसे बिघडले, करंज्या बऱ्या झाल्या. शरणप्पा मामांकडं डबा पोचवला.

मी ठरवलंय. रांगेत उभी राहणार. जो काही हात येईल, लुळा का असेना, शमुवेल दादांनी धरलेला का असेना, माझ्या डोक्यावर येऊ दे. हक्कानं मागायची हिंमत नाही, पण रांगेत उभं राहायला काय लागतं?

२८ डिसेंबर, शनिवार

शमुवेल दादा आले. आज अंगणात सराव केला. दादांनी आत्याबाईंचा हात उचलायचा, खाली अक्षरा बसायची. हात घसरायचा, कधी पोरीच्या नाकावर, कधी कानावर. अक्षरा हसून हसून लोळायची बाकी होती. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. हाव म्हणाल्या नाहीत. भिंतीकडं तोंड करून बसल्या.

संध्याकाळी शांतवनबरोबर कोप बांधायला रानात गेले. कडब्याच्या पेंढ्या लावता लावता तो आपणहून बोलायला लागला, तर मी पेंढीच खाली ठेवली. भूकंप झाला तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्या पहाटे आजोबा दगडोबा गेले, वडील गेले. तीन महिन्यांनी येळवस आली तेव्हा सगळे पत्र्याच्या शेडात राहत होते, जेवायची कुणाची इच्छा नव्हती. म्हणाला, "आईनं कुठून तरी ताक आणलं, आंबिल केली. आम्हा दोघांना घेऊन रानात आली अन् आमच्या डोक्यावर हात ठेवला. शेजारच्या रानात शरणप्पा मामा रडत बसले होते, त्यांच्यापण. तिला कुणी सांगितलं न्हाई. द्यायला कुणी उरलंच नव्हतं. तो मान तिनंच घेतला."

मी विचारलं, तेव्हा कुणाचा आधार घेऊन उभ्या राहायच्या? गुडघा तर तेव्हाच दबला होता.

तो म्हणाला, कुणाचाच नाही. तू येईपर्यंत एकटीच उभी राहायची.

तेव्हा वय होतं म्हणा. पण खरंच धन्य बाई. त्यांच्यासारखं आपल्याला कुठून जमणार? त्या या घरच्या. दगडोबांच्या सूनच ना.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस. घरी परत आलो, आत्याबाई झोपल्यात, दिवेलागणीला लिहायला बसलेय. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी आंबिलीची बिंदगी डोक्यावर घेऊन मी पुढं, मागे भज्जीचं पातेलं घेऊन शांतवन. आत्याबाईंना मोटारसायकलवर मध्ये बसवून दादांनी आणलं. हरभरा घाटे धरून होता, ज्वारी पोटरीत. चारी बाजूंच्या रानांतून लोकांच्या आरोळ्या येत होत्या. आमच्या कोपीपुढं मंडळी जमली, दादांनी प्रार्थना केली, रांग लागली. लहान आधी, मोठी मागून, असा रिवाज. पहिली अक्षरा. मी पदर नीट केला आणि रांगेत जाऊन उभी राहिले. अगदी शेवटी, शरणप्पा मामांच्याही मागे.

दादांनी आत्याबाईंचा उजवा हात उचलला.

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

सगळे चपापले. आजारी पडल्यापासून या बाईच्या तोंडून दुसरा शब्द आला नव्हता. दादांना वाटलं दुखलं असेल, त्यांनी हळू धरून परत उचलला. परत, "न्हाई." हात हिसडून घेतला आणि डाव्या हातानं हवेत काहीतरी शोधायला लागल्या. शांतवन पाणी घेऊन धावला. न्हाई. पातळ सावरायला कुणी गेलं. न्हाई. मला कळलं. सोळा वर्षांचा सराव होता मला. रांग सोडून मी जाऊन शेजारी उभी राहिले. त्यांनी खांदा धरला, जोर लावला आणि खुर्चीतून उठल्या. एका पायावर सगळा भार, पण उठल्या.

मला वाटलं, आता डाव्या हातानं देतील. पण त्यांनी माझं उजवं मनगट धरलं, तेलाची वाटी उपडी केली होती त्याच हाताचं, आणि माझा हात अक्षराच्या डोक्यावर नेऊन ठेवला.

मी चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. आणि मग जे सोळा वर्षं गिळलं होतं ते एवढ्या माणसांपुढं बाहेर पडलं.

"मी कुठून देऊ, आत्याबाई? माझ्या डोक्यावर कधी हात आलाच न्हाई. दरसाल सगळ्यांना मिळाला, मी बघत राहिले. मला पाहिजे होता. आजबी पाहिजे. माझा वाटा हाय का न्हाई यात?"

"हाव," आत्याबाई म्हणाल्या.

मी रडत होते. म्हटलं, हाव तर तुम्ही सगळ्यालाच म्हणता.

तेव्हा माझ्यापुढं उभी असलेली माझी आगाऊ पोरगी मान वर करून म्हणाली, "आजी, माझी आई इथं पाहुणी हाय का?"

"न्हाई."

"घरची हाय का?"

"हाव."

रांगेतून शरणप्पा मामांचा आवाज आला. म्हणाले, "पोरी, आमच्या डोक्यावर तिचा हात दोन घडी टेकायचा. तुझ्या खांद्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत असायचा. मी दरसाल बघतो. मला वाटायचं, तुला ठाऊक हाय."

मला ठाऊक नव्हतं. देवाशप्पथ, मला ठाऊक नव्हतं. मी स्वतःला नुसती काठी समजून बसले होते. आत्ताही तो हात खांद्यावर होता, पाच बोटं पाच ठिकाणी कळत होती. भूकंपानंतर जी बाई एकटी उभी राहिली, तिला माझा खांदा कशाला लागणार होता?

दादांकडं बघायची भीती वाटत होती. थोरल्याचा हक्क. दादांनी चष्मा काढून खिशात ठेवला, थोडा वेळ आईकडं बघितलं. मग म्हणाले, "माया, दे. मी मोठ्यांच्या रांगेत उभा राहतो." आणि खरंच जाऊन उभे राहिले, घाई न करता.

मी अक्षराच्या डोक्यावर हात ठेवला. अक्षरा, तू देवाच्या घरची हाईस, भिऊ नको. आवाज फाटला, पण शब्द आले. मग एकेक पुढं येत गेलं. नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवताना मला हसू फुटलं, त्यालाही फुटलं. शमुवेल दादा वाकले तेव्हा जीभ अडखळली. दिराला तू कसं म्हणायचं? पण आशीर्वादात अहो-जाहो नसतं, म्हटलं, शमुवेल, तू देवाच्या घरचा हाईस. त्यांनी आमेन म्हटलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. शरणप्पा मामा तर नेहमीसारखे, लेकरासारखे.

रांग संपली. सगळे आत्याबाईंकडं बघायला लागले, त्या चला, जेवा म्हणायच्या ती वेळ. मीही पदर खोचायला लागले, आंबिल वाढायची होती.

आत्याबाईंनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. त्या हातानं पदर कपाळावर ओढला. आणि माझ्यापुढं मान खाली घातली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. भूकंपानंतर या बाईच्या डोक्यावर कुणाचाच हात आला नव्हता. एकतीस वर्षं नुसती देत आली होती.

सासूचं नाव घ्यायचं कसं, तेही असं, नुसतं? पण आज मी घरची होते. ओलसर, दमलेला, तेलाचा वास न गेलेला माझा उजवा हात मी त्यांच्या पांढऱ्या केसांवर ठेवला.

"केवळा," मी म्हटलं, "तू देवाच्या घरची हाईस. भिऊ नको."

"हाव," त्या म्हणाल्या.